रुळांच्या कडेला

आगगाडीचं मॉडेल करणाऱ्या माणसाचं पहिलं प्रेम इंजिनावर असतं, दुसरं डब्यांवर. रूळ नाइलाजानं येतात. आणि रुळांच्या कडेला जे जे काही उभं असतं, पडलेलं असतं, खणलेलं असतं, त्याची आठवण बहुधा अगदी शेवटी होते. मग बाजारातून चार झाडं, दोन दिव्याचे खांब आणि एखादी लाल टपालपेटी (तीही विलायती थाटाची!) आणून चिकटवली की झालं मॉडेल तयार. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लहान आगगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. तिथे गेलात तर मुलं गाड्यांकडे बघतात. मी मात्र सिग्नल, कुंपणं आणि दिव्यांचे खांब बघत बसतो. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्याचा हा परिणाम असावा. राजाची स्वारी निघाली की आपल्याला रस्ता झाडणाऱ्याचं नाव हवं असतं.

आमचा नातू इंजिनिअर आहे. त्याला हा नाद लागला आणि गेलं वर्षभर आमच्या मागच्या खोलीत आठ फूट बाय दोन फुटांचा एक फळा मांडलेला आहे. त्यावर दौंड-मनमाड मार्गावरचं एक लहानसं स्टेशन उभं राहतंय. या मार्गाच्या आसपासच माझं लहानपण गेलं, त्यामुळे "आबा, तुम्हाला तर सगळं आठवत असेल," असं म्हणून त्यानं मला कामाला लावलं. मी म्हटलं, आठवण पुढे बघू, आधी साल सांग. कुठल्या सालचं स्टेशन? तो म्हणाला, "जुनं. वाफेच्या इंजिनाच्या काळातलं." मंडळी, "जुनं" हे काही साल नव्हे. वाफेची इंजिनं ब्रॉडगेजवर १९९५ पर्यंत धावत होती. १८७८ सालचं जुनं वेगळं, १९३० चं वेगळं आणि १९६८ चं वेगळं. शेवटी १९६८ ठरलं, महिना सप्टेंबर. साल ठरलं आणि निम्मे प्रश्न सुटले, निम्मे नवीन तयार झाले.

उदाहरणार्थ, मैलाचे दगड ठेवायचे की किलोमीटरच्या पाट्या? साठीच्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेवर मैल जाऊन किलोमीटर आले, म्हणून आमच्या फळ्यावर किलोमीटरची पाटी आहे. पण म्हणून कोणी जुने मैलाचे दगड लगेच उपटून नेले नसणार. एक दगड आम्ही गवतात आडवा पाडून ठेवलाय. विजेच्या तारांचे खांब नकोत, ते या मार्गावर फार पुढे आले. सिमेंटचे स्लीपरही नकोत. पण बाजारात मिळणाऱ्या रुळांना असतात तसे एकसारखे लाकडी स्लीपरही सगळीकडे नकोत, कारण त्या काळी आपल्याकडे बिडाचे स्लीपर भरपूर होते. प्रत्येक रुळाखाली बिडाची एक फुगीर तबकडी आणि दोन तबकड्यांना जोडणारी लोखंडी पट्टी. खडीत अर्धी बुडालेली ही जोडी ज्यानं पाहिली असेल त्याला ती लगेच आठवेल. नातवानं पाहिली नव्हती. त्यानं जुने फोटो धुंडाळले, एक साचा केला आणि तीनशेच्या वर तबकड्या छापून काढल्या. आजकाल घरच्या यंत्रावर प्लास्टिकच्या वस्तू छापता येतात, ही सोय मोठी आहे.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जगभर विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान गाड्या साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालतात. ही रुंदी युरोपातल्या चार फूट साडेआठ इंची रुळांसाठी ठरलेली. आपलं ब्रॉडगेज मात्र साडेपाच फुटांचं. लॉर्ड डलहौसीच्या काळात हे ठरलं आणि आपल्या देशाचे रूळ कायमचे रुंद झाले. म्हणजे विलायती प्रमाणात केलेलं आपलं इंजिन त्या रुळांवर ठेवलं, तर लठ्ठ माणूस तीनचाकी सायकलवर बसल्यासारखं दिसतं. यावर उपाय काय? फुटाला चार मिलिमीटर धरले तर साडेपाच फुटांना बावीस मिलिमीटर लागतात. साडेतीन धरले तर सव्वाएकोणीस. आणि तीन धरले तर? बरोबर साडेसोळा! म्हणजे रूळ तेच ठेवून बाकी सगळी सृष्टी फुटाला तीन मिलिमीटर या मापानं केली, की आपलं ब्रॉडगेज अचूक उतरतं. नातवाला हा हिशेब दाखवला तेव्हा तो आधी खूश झाला आणि मग हिरमुसला, कारण या मापाचं बाजारात जवळजवळ काहीच मिळत नाही. सगळं हातानं करायचं. तयार माणसं मिळतात, पण ती एकोणीस-वीस मिलिमीटरची, म्हणजे आमच्या फूटपट्टीत साडेसहा फुटी पैलवान. आमचा गँगमन साडेपाच फुटांचा आहे. तो रुळांत आडवा झोपला तर डोकं एका रुळाला आणि पाय दुसऱ्याला टेकतील.

सर्वांत आधी तारेचे खांब केले. हे खांब गाडीच्या खिडकीतून ज्यानं मोजले नाहीत असा माझ्या पिढीतला माणूस विरळा. तार वर चढते, खांबाशी येते, पुन्हा खाली झोल घेते, पुन्हा वर. त्यावर कोतवाल बसलेला, पुढे वेडा राघू, एखादा नीलपंख. भारतात विजेच्या तारायंत्राचा पहिला मार्ग १८५१ साली ओ'शॉनेसी या डॉक्टरनं कलकत्ता ते डायमंड हार्बर असा टाकला, म्हणजे मुंबई-ठाणे गाडीच्या दोन वर्षं आधी. पुढे तार आणि रूळ ही जोडगोळीच झाली. पुढच्या स्टेशनला विचारल्याशिवाय गाडी सोडायची नाही आणि विचारायचं तर तार हवी. "लाइन क्लिअर" हा शब्द आपल्या बोलण्यात तिथूनच आला.

पण या खांबांचं आणखी एक काम होतं, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. ते पत्ते होते! प्रत्येक खांबावर आकडा असे आणि दर किलोमीटरला आकडे पुन्हा एकापासून सुरू होत. रूळ कुठे तडकला, बैल कुठे कापला गेला, गाडी कुठे घसरली, हे सांगायची रीत अशी, की अमुक किलोमीटर, अमुक आणि अमुक खांबांच्या मध्ये. अपघाताच्या चौकशीचे अहवाल याच भाषेत लिहिलेले असत. माळरानावर ना गाव ना रस्ता, तिथे दोन खांब म्हणजे पत्ता. म्हणून आमच्या खांबांवर आकडे आहेत. आकडा पांढऱ्या रंगात, टाचणीच्या टोकानं काढलेला, भिंगाशिवाय वाचता येत नाही. नातू म्हणाला, "दिसणारच नसेल तर कशाला काढायचा?" मी म्हटलं, पत्ता नसलेलं पत्र टाकतोस का तू? त्यानं काढला बिचाऱ्यानं.

हे खांब गेले कसे, तेही सांगून ठेवतो. पंचवीस हजार व्होल्टची प्रत्यावर्ती वीज रुळांच्या वर आली की तिला समांतर जाणाऱ्या तारांमध्ये आपोआप वीज उत्पन्न होते. बोलण्यात गोंगाट येतो आणि काम करणाऱ्याच्या जिवालाही धोका. त्यामुळे जिथे जिथे विद्युतीकरण झालं तिथे उघड्या तारा उतरवून जमिनीखालून केबल टाकाव्या लागल्या. बाकीच्या ठिकाणी तांब्याच्या चोरीनं आणि नव्या यंत्रांनी काम उरकलं. २०१३ च्या जुलैत तारसेवाही संपली. पत्त्याचं काम आता विजेच्या खांबांकडे गेलंय. त्यांच्यावर किलोमीटर आणि क्रमांक रंगवलेला असतो, बघा कधी.

आता सिग्नल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझे धाकटे चुलते, आमचे तात्या, याच मार्गावरच्या एका स्टेशनात दिवेवाले होते. म्हणजे सिग्नलचे दिवे लावणारे. संध्याकाळी रॉकेल भरलेले, काच पुसलेले दिवे हातात घेऊन निघायचं, एकेका सिग्नलच्या शिडीवर चढून दिवा जागेवर बसवायचा, आणि सकाळी पुन्हा जाऊन ते उतरवायचे. "गाडी आऊटरला उभी आहे" हे वाक्य आपण सगळे म्हणतो, पण आऊटर कुठे असतो? त्या जुन्या पद्धतीत स्टेशनाच्या पहिल्या सांध्यापासून किमान चारशे मीटर अलीकडे. त्यात स्टेशनाचं निम्मं आवार मिळवा. दोन्ही बाजूंचे आऊटर करून यायचं म्हणजे तात्यांची तीनएक किलोमीटरची फेरी, आणि सकाळची धरून दुप्पट. खडीतून, पावसात, एका हातात कंदील आणि कधी कधी दुसऱ्या हातात साप मारायची काठी. रेल्वेच्या कुठल्या इतिहासात दिवेवाल्यांचं प्रकरण असलंच, तर माझ्या वाचनात ते अजून आलेलं नाही.

या चारशे मीटरनं आमची मोठी अडचण केली. फुटाला तीन मिलिमीटर या मापानं चारशे मीटर म्हणजे जवळजवळ तेरा फूट. आमचा फळाच आठ फुटांचा! हिशेबानं आऊटर सिग्नल स्वयंपाकघरात, पोळपाटाच्या आसपास येतो. सौ.नी परवानगी नाकारली. तेव्हा आऊटर नाहीच. फळ्याच्या कडेला फक्त त्याच्याकडे जाणारी तार दिसते, लहान लहान कप्प्यांवरून खुंटामागून खुंट जात फळ्याच्या बाहेर नाहीशी होणारी. सिग्नल जवळ ठोकून देण्यापेक्षा हे बरं.

बाजारातल्या किंवा चित्रातल्या मॉडेलमध्ये सिग्नलचा हात बहुधा खाली झुकलेला दाखवतात. छान दिसतो तो. पण गाडी नसताना हात आडवाच असला पाहिजे, म्हणजे "थांब". यामागे एक दुर्घटना आहे. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमध्ये अॅबट्स रिप्टन इथे बर्फाच्या वादळात गाड्यांची टक्कर झाली. त्या काळी तिथे सिग्नलची नेहमीची स्थिती "जा" अशी असे आणि गरज पडली की "थांब" करत. हात खांबाच्या खाचेत शिरून राहत. खाचेत बर्फ भरलं, सिग्नलवाल्यानं तरफ ओढली तरी हात बाहेर आलाच नाही, आणि भरधाव गाडी "जा" समजून आत आली. त्यानंतर नियम उलटा झाला. नेहमीची स्थिती "थांब", आणि गाडीसाठी विचारपूर्वक "जा" द्यायचं. शिवाय तार तुटली तर हात वजनानं आपोआप "थांब" वरच यावा अशी रचना. आपल्याकडचे सिग्नल इंग्लंडहून आले, त्यांच्याबरोबर हा धडाही आला. दौंड-मनमाडच्या माळावर बर्फ कधी पडलं नाही, पण तिथला आडवा हात त्या बर्फामुळे आडवा होता.

दिव्यांच्या रंगाचंही असंच. पूर्वी "जा" साठी पांढरा उजेड असे. पण लाल काच फुटली तर मागचा दिवा पांढराच दिसणार, म्हणजे "थांब" चं "जा" होणार! म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरा जाऊन हिरवा आला. आणि ती काच हिरवी नसायची बरं का, निळसर असायची. रॉकेलची ज्योत पिवळी असते. पिवळ्या ज्योतीपुढे निळसर काच धरली की स्वच्छ हिरवा दिसतो. साधी हिरवी काच धरली तर पिवळट, मरगळलेला. तात्यांच्या हातातल्या फडक्यानं पुसली जाणारी ती निळी काच मी पाहिलेली आहे आणि ती हिरवी कशी होते याचं कोडं मला पुढे कॉलेजात गेल्यावर सुटलं. नातवानं सिग्नलमागे बारीक हिरवा दिवा बसवला होता. आता पिवळा दिवा आणि पुढे निळसर कागद असं केलंय. दिवसा काच निळी दिसते, खोली अंधारी केली की हिरवी.

सिग्नलच्या दिव्याला मागच्या बाजूलाही एक बारीक भोक असे. त्यातून पांढरा ठिपका स्टेशनाच्या बाजूला दिसे. हात खाली झाला की तो झाकला जाई. कशासाठी? तर रात्री स्टेशनमास्तरला स्टेशनातूनच कळावं, की दिवा जळतोय आणि हात आडवा आहे. तात्यांच्या कामाची तपासणी होती ती! मास्तर खुर्चीतून मान वळवून बघायचे, ठिपका दिसला नाही तर हाक यायची.

सांध्यांच्या सळया मात्र आम्ही झटपट उरकल्या. केबिनपासून सांध्यापर्यंत जमिनीलगत लोखंडी सळया जातात. उन्हात सळई लांबते, थंडीत आखडते, म्हणून मध्ये एक तरफ बसवून अर्ध्या सळईची ढकल उलट दिशेला फिरवलेली असते. म्हणजे एका अर्ध्याची वाढ दुसऱ्या अर्ध्याच्या वाढीला खाऊन टाकते. युक्ती मोठी सुरेख, पण आमच्या मापात ती तरफ तांदळाच्या दाण्याएवढी झाली. "सांधा बदलणे" हा मराठीतला वाक्प्रचार ज्याच्यामुळे आला तो सांधेवाला केबिनच्या पायऱ्यांवर बसवलाय, बिडी ओढताना. पाण्याचा खांबही केला, हत्तीच्या सोंडेसारखी पिशवी लोंबणारा. त्याच्या पायाशी सदैव चिखल असतो हे नातवाला सांगावं लागलं नाही.

एकेरी मार्गावरच्या गोळ्याची गोष्ट त्याला फार आवडली. दोन स्टेशनांत एकेक यंत्र, दोन्ही विजेनं एकमेकांशी बांधलेली. पुढच्या मास्तरनं होकार दिला की या यंत्रातून लोखंडाचा एक गोळा बाहेर पडतो. तो बाहेर असेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नाही. गोळा कातडी पिशवीत, पिशवी मोठ्या कड्याला, आणि ते कडं धावत्या इंजिनातून ड्रायव्हर किंवा फायरमन हातात झेलतो, आधीच्या टप्प्याचं कडं खाली फेकतो. गोळा हातात नाही तर पुढे पाऊल नाही. आमच्या फलाटाच्या टोकाला एक पोर्टर हात वर करून उभा आहे. हातातलं कडं बारीक तांब्याच्या तारेचं आहे.

रूळ टाकून झाल्यावर नातवानं एक काम आपणहून केलं. बेचाळीस फुटांच्या रुळाच्या हिशेबानं दर एकशेसव्वीस मिलिमीटरला रुळाच्या माथ्यावर बारीक करवतीनं खाच पाडली. का, तर गाडीनं खडखड वाजावं म्हणून. आता रूळ मैलोगणती जोडलेले असतात, तो आवाज गेला. कुंपणाला जुने रूळ पुरलेत, कारण रेल्वे काहीच फुकट घालवत नसे. ट्रॅकमधून काढलेला रूळ कुंपणाचा खांब व्हायचा, फाटकाचा खांब व्हायचा, सायडिंगच्या टोकाचा अडसर व्हायचा. त्यांच्या पोटावर कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असे. इंग्लंडमधल्या बॅरोचे, शेफील्डचे, पुढे आपल्या टाटांचे. शाळेच्या सहलीला मुलांना मी असे रूळ वाचायला लावत असे. शिलालेखच ते.

आता सांगतो ते शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं. त्यावरून आमच्या घरात महिनाभर वाद चालला.

तुम्ही रेल्वेनं पावसाळ्यात प्रवास केला असेल, तर रुळांच्या दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेली चौकोनी डबकी पाहिली असतील. त्यात कमळं असतात, बगळे असतात, म्हशी डुंबत असतात. सपाट प्रदेशात रूळ पुरापासून वर ठेवायचे तर मातीचा भराव घालावा लागतो. ती माती दुरून कोण आणणार? शेजारीच खणायची. ते हे खड्डे. मी म्हटलं, आपल्या फळ्यावर खड्डे हवेत. नातू म्हणाला, "आबा, खड्डे कोण मॉडेल करतं?" त्याला फळ्याचा अर्धा भाग भरावावर हवा होता, म्हणजे गाडी उठून दिसते. भराव हवा पण खड्डे नकोत, असं त्याचं म्हणणं. मग माती कुठून आली रे?

दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला. या आकड्यातच सगळं आहे. १८७६ ते ७८ म्हणजे दख्खनचा तो भयंकर दुष्काळ. पुणे, नगर, सोलापूर हे जिल्हे होरपळले होते. या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळानं गाव सोडलेली माणसं होती. पुरुष खणायचे, बायका आणि पोरं पाट्या वाहायची. सरकारचा दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून आलेले सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या सुरुवातीला दुष्काळी कामांवरची मजुरी खाली आणली. माणशी रोज एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, असा हिशेब. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला अर्धा किलोसुद्धा धान्य नाही! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले, आणि हजारो मजूर उपाशीपोटी दुष्काळी कामं सोडून निघून गेले. हे टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

मातीकामाचं माप कसं घेत? भराव मोजणं कठीण, माती दबते. म्हणून खड्डे मोजत. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. आपण आजही वाळू आणि मुरूम ब्रासनं घेतो. खड्ड्याच्या मध्ये मातीचे एकदोन खुंट न खणता ठेवत, जमीन मुळात किती उंच होती याची साक्ष म्हणून. साहेब यायचा, खुंट मोजायचा, मग मजुरीचा हिशेब लागायचा.

मी नातवाला कागद दिला आणि म्हटलं, कर हिशेब. भराव सहा फूट उंच, माथा वीस फूट, उतार फुटाला दोन फूट, म्हणजे तळ चव्वेचाळीस फूट. छेदाचं क्षेत्र १९२ चौरस फूट. आपल्या फळ्यावरचे चार फूट म्हणजे खरे ४०६ फूट. गुणाकार केला तर अठ्ठ्याहत्तर हजार घनफूट. म्हणजे ७८० ब्रास. एक ब्रासचा एक फूट खोल खड्डा आमच्या मापात तीन सेंटिमीटर बाय तीन सेंटिमीटर, खोली तीन मिलिमीटर. असे ७८० खड्डे काढायचे तर सात हजार चौरस सेंटिमीटरच्या वर जागा लागते. आणि फळ्याच्या त्या अर्ध्या भागाचं एकूण क्षेत्र साडेसात हजारांच्याही आत! म्हणजे आमच्या चार फुटी भरावासाठी तेवढा फळाच्या फळा एक फूट खरवडून काढावा लागला असता, आणि तरी भराव उभा करायला जागा उरली नसती. खड्डे तीन फूट खोल धरले तेव्हा कुठे हिशेब बसला. जागेच्या एक तृतीयांशात खड्डे.

तो कागद बराच वेळ टेबलावर होता. नातू काही बोलला नाही. यंत्रानं माती उचलणाऱ्या पिढीतला मुलगा, ७८० ब्रास म्हणजे किती डंपर एवढं त्याला लगेच कळत असणार. पाट्या किती, हे कळायला वेळ लागतो. पुढच्या रविवारी आला तेव्हा त्यानं फळ्याचा पुढचा भाग उचकटलेला होता. प्लायवूडच्या जागी इंचभर जाडीचा घट्ट फोम बसवला आणि सुरीनं खड्डे कापायला लागला. एक काम त्यानं न सांगता केलं. तीन खड्ड्यांत मधला खुंट ठेवला.

नव्वद वर्षांत असे खुंट राहिले असते का, हा प्रश्न रास्त आहे. पावसानं बहुतेक विरघळले असते. १८७७ चे खुंट १९६८ च्या सप्टेंबरात दाखवणं काटेकोरपणे बघता चूकच. आकड्यांवरून त्याला छळणारा मी, इथे गप्प बसलो नाही. त्याला ही शंका बोलून दाखवली. त्यानं दोन खुंट काढले आणि तिसरा अर्धा झिजवून, त्यावर गवत लावून ठेवून दिला. "एक राहिला असेल, आबा," म्हणाला. मुरमाड जमिनीत राहूही शकतो.

कडा आम्ही झिजवल्या, बाभळी लावल्या, एका खड्ड्याच्या काठावर धुणं वाळत घातलं. सप्टेंबर आहे म्हणून खड्ड्यांत पाणी आहे. ते पातळ राळेचे तीन थर देऊन केलंय. पहिला थर गढूळ, तपकिरी, वरचे दोन स्वच्छ. तारेच्या खांबांवर तारा अजून ओढायच्या राहिल्यात. शिवणाचा दोरा जाड दिसतो, आणि नायलॉनचा झोल घेत नाही, ताठ राहतो. केसाएवढी पण जड तार कुठे मिळते, याचा शोध चालू आहे. कोणा वाचकाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.